अक्षरे अडतात तेव्हा

वाचकहो, तुम्ही आता वाचू लागला आहात. एसटीची पाटी वाचता, बाजारभाव वाचता, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी वाचता. आता जरा मागे वळून पाहा. तुमच्या वर्गात सगळे एकदमच शिकले का? नाही. कुणाला चार महिने लागले, कुणाला वर्ष लागले. आणि एखादा असाही होता, की जो रोज यायचा, सगळ्यांच्या आधी यायचा, पण त्याचे वाचन काही पुढे सरकत नव्हते.

अशा माणसाला आपण काय म्हणतो? 'मठ्ठ आहे.' 'ह्याचे लक्षच नाही.' 'ह्याच्या डोक्यात शिरतच नाही.'

हे म्हणणे बरोबर आहे का? तेच आपण ह्या धड्यात पाहणार आहोत. त्यासाठी आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका माणसाची हकिकत सांगतो. ती सांगायला त्यांनी आम्हाला परवानगी दिली आहे. नाव मात्र छापू नका, असे ते म्हणाले. गावात सगळे त्यांना दादा म्हणतात. आपणही दादाच म्हणू.

१. दादांची अडचण

दादा जुन्नर तालुक्यातले. वय चौतीस. घरची दीड एकर जमीन. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून ते एका टेम्पोवर क्लीनरचे काम करत. टोमॅटोच्या हंगामात गावोगावचे क्रेट टेम्पोत भरायचे आणि नारायणगावच्या बाजारात नेऊन उतरवायचे.

दादा अडाणी नव्हते. सातवीपर्यंत शाळेत गेले होते. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते सांगत. एकदा गेलेली वाट कधी विसरत नसत. पण कागद पुढे आला की त्यांना घाम फुटायचा. शाळेत त्यांनी वर्षानुवर्षे छड्या खाल्ल्या. सातवीत शाळा सोडली, ती अक्षरांचा धसका घेऊनच.

एके दिवशी माल ६३ नंबरच्या गाळ्यावर उतरवायचा होता. दादांनी तो ३६ नंबरच्या गाळ्यावर उतरवला. चूक ध्यानात आली तेव्हा लिलाव सुरू झाला होता. मालकाने अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. वर चारचौघांत बोलला ते वेगळेच.

त्यानंतर दादा आमच्या वर्गात आले. म्हणाले, "बाई, मला ड्रायव्हर व्हायचंय. क्लीनरच्या मजुरीत घर चालत न्हाई. पन लायसनची परीक्षा वाचून द्यावी लागती. मला वाचायला शिकवा."

आम्ही शिकवू लागलो. दादा मन लावून बसत. तरी 'भ' चा 'म' होई, 'घ' चा 'ध' होई. वरच्या ओळीत बरोबर वाचलेला शब्द खालच्या ओळीत चुके. अर्ध्या तासात डोके दुखू लागे. खरे सांगायचे तर आम्हीही मनात म्हणालो, की ह्यांचे लक्ष नाही. तशी आमचीही चूकच झाली.

मग एका रात्री दादा वर्गाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते मान खाली घालून. सगळे गेल्यावर म्हणाले,

"बाई, काल पोराला मारलं."

"का हो दादा?"

"त्याला म्हनलं, 'घर' लिही. तर त्यानं 'धर' लिहिलं. तीनदा सांगितलं, तीनदा तेच. मग माझा हात उठला. रडत रडत पोरगं म्हनलं, 'पप्पा, मला दिसतंय, पन कळंना.' बाई, अगदी हेच मी माझ्या बापाला सांगितलं व्हतं. तवा मलाबी मारच बसला व्हता."

दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी मठ्ठ आसंन. पन पोरगंबी मठ्ठ कसं? ते तर घड्याळ खोलून परत जोडतंय."

दादांचा हा प्रश्न आमच्या मनाला लागला. आम्ही जाणत्या माणसांना विचारले, पुस्तके पाहिली. तेव्हा जे कळले ते तुम्हाला सांगतो.

२. हे काय आहे?

काही माणसांची बुद्धी चांगली असते, नजर चांगली असते, ऐकू नीट येते, शाळाही मिळालेली असते. तरी वाचणे आणि लिहिणे त्यांना फार जड जाते. ह्या अडचणीला 'डिस्लेक्सिया' म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेवरून बनवला आहे. त्याचा अर्थ 'शब्दांशी अडचण' असा होतो. रुडोल्फ बर्लिन नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ साली हे नाव दिले.

पुढे १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन ह्या डॉक्टराने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. मुलगा हुशार होता, खेळात चपळ होता. सातव्या वर्षापासून त्याला शिकवत होते. तरी त्याला वाचता येईना. स्वतःचे 'पर्सी' हे नाव तो 'प्रेसी' असे लिही. त्याच्या मास्तरांचे मत काय होते? शिकवणे सगळे तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे ते म्हणत. म्हणजे ही गोष्ट नवी नाही, आणि एकट्या आपल्या गावची तर नाहीच नाही.

असे का होते? आपण बोलतो तेव्हा शब्द सलग बोलतो. वाचताना मात्र तोच शब्द सुट्या आवाजांत फोडावा लागतो. 'कमळ' म्हणजे क, म, ळ. मग प्रत्येक आवाजाची त्याच्या अक्षराशी गाठ मारावी लागते. बहुतेकांच्या मेंदूत ही गाठ थोड्या सरावाने पक्की बसते. डिस्लेक्सिया असलेल्या माणसाची गाठ सैल राहते. ती पुन्हा पुन्हा मारावी लागते. दोष बुद्धीचा नाही. दोष आळसाचाही नाही.

ही अडचण जन्मापासूनची असते. पुष्कळदा एकाच घरात बापाला असते आणि मुलालाही असते. ती संसर्गाने होत नाही. आई-बापांच्या पापाने होत नाही. तिच्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. अंगारे-धुपारे करून पैसा घालवू नये. वेगळ्या रीतीने शिकवले आणि सराव ठेवला, तर असा माणूस वाचू लागतो. वेग कमी राहील, पण काम अडणार नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्याला वाचता येत नाही, त्या प्रत्येकाला डिस्लेक्सिया असतो असे नाही. कुणाला शाळाच मिळाली नसेल. कुणाला चष्म्याची गरज असेल. कुणाला कमी ऐकू येत असेल. म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग पुढचे तज्ज्ञ माणसाने ठरवावे. आपण कुणाच्या कपाळी शिक्का मारू नये.

३. शिकण्याची दुसरी रीत

आम्ही दादांना शिकवण्याची रीत बदलली. ती अशी :

एका वेळी एकच अक्षर घेतले. परातीत बारीक वाळू पसरली. दादा बोटाने अक्षर गिरवत आणि त्याचा आवाज मोठ्याने म्हणत. डोळा, कान, तोंड आणि हात असे चौघे एकाच कामाला लागले.

सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी शिकवली नाहीत. 'घ' पक्का झाला, मग आठवड्याने 'ध' घेतला. 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व', 'थ' आणि 'य' ह्यांचेही तसेच केले.

पहिली वेलांटी दादांना फार छळायची. तुम्हीही पाहिले असेल. 'कि' लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते, पण तिचा आवाज अक्षराच्या नंतर येतो. डोळ्याला वेलांटी आधी दिसते आणि अडखळायला होते. आम्ही सांगितले, आधी अक्षरावर बोट ठेवा, मग मागे येऊन वेलांटी पाहा. सरावाने ते जमले.

ओळीखाली पोस्टकार्ड धरायचे, म्हणजे खालची ओळ मध्ये येत नाही. छपाई मोठी घ्यायची. रोज वीसच मिनिटे, पण रोज. आणि चुकले तर हसायचे नाही, ही अट आम्ही सगळ्या वर्गाला घातली.

आकड्यांचे दुखणे वेगळे होते. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो. त्यात पाच आधी ऐकू येतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर लिहितो. दादा ऐकतील तसे लिहीत, की झाले बावन्न! म्हणून आम्ही ठरवले, की नंबर सुटा बोलायचा : 'दोन, पाच'. फोनचा नंबर असो की गाळ्याचा, एकेक अंक बोलायचा, लिहायचा, आणि परत वाचून दाखवायचा.

आता ३६ आणि ६३ पाहा. ३ आणि ६ एकमेकांची उलटी चित्रे आहेत. भांडण असले की आपण 'छत्तीसचा आकडा' म्हणतो. का म्हणतो? कारण ३६ मध्ये दोन्ही अंक पाठीला पाठ लावून बसलेले असतात. ६३ मध्ये ते तोंडाला तोंड करून बसतात. हे सांगितल्यावर दादा मोठ्याने हसले. म्हणाले, "बाई, हे आधी कळलं आसतं तर माझी मजुरी वाचली आसती!" पुढे ती चूक त्यांनी कधी केली नाही.

४. कामावर

दादांनी आणखी एक गोष्ट केली. ती फार धैर्याची होती. त्यांनी आपली अडचण मालकाला आणि ड्रायव्हरला सांगितली. "मला वाचायला वेळ लागतो. नंबर दोनदा सांगा. मी परत बोलून दाखवीन." आधी लपवण्यात जीव जात असे. सांगितल्यावर तो भार उतरला. मालक थोडे कुरकुरले, पण माल चुकीच्या गाळ्यावर जाईना, तेव्हा तेही गप्प झाले.

गाळ्याचा नंबर आणि क्रेटची संख्या दादा आता फोनमध्ये बोलून ठेवतात. लांब मजकूर आला तर फोनकडूनच वाचून घेतात. ह्यात कमीपणा काही नाही. पाय अधू असला की माणूस काठी घेतो, तसेच हे.

सहीच्या कागदाबाबत मात्र आमचे सांगणे सगळ्यांनाच आहे. वाचायला वेळ लागत असेल तर घाई करू नका. कागद विश्वासाच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. पैशाचा आकडा आणि तारीख स्वतः बोट ठेवून पाहा. मगच सही करा. 'वेळ नाही, लवकर सही करा' असे कुणी म्हणाले, तर तिथे जास्तच सावध व्हा.

५. गाडी शिकताना

पूर्वी भाड्याची गाडी चालवण्याच्या परवान्याला आठवी पास लागत असे. ती अट सरकारने २०१९ साली काढली. पण नियम आणि खुणा सगळ्यांनाच याव्या लागतात. त्यांची परीक्षा देऊन शेकडा ६० गुण मिळवावे लागतात. मग शिकाऊ परवाना मिळतो. हे बरोबरच आहे. रस्त्यावर आपलाच नव्हे, दुसऱ्याचाही जीव असतो.

दादा पहिल्या वेळी नापास झाले. उत्तरे येत होती, पण प्रश्न वाचेपर्यंत वेळ संपली. ते खचले. आम्ही म्हणालो, खुणा तर चित्रांच्या आहेत. आधी आकार शिकू.

लाल कडेचा त्रिकोण दिसला, की पुढे धोका आहे, सावध व्हा. वळण असेल, शाळा असेल, अरुंद पूल असेल. गोल पाटी म्हणजे हुकूम. लाल कडेचा गोल बहुधा 'हे करू नका' असे सांगतो. निळा गोल 'हे केलेच पाहिजे' असे सांगतो. निळी चौकोनी पाटी माहिती देते : दवाखाना, पेट्रोल पंप. आठ कोनांची लाल पाटी म्हणजे थांबा. उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या.

दादांच्या बायकोने ही चित्रे पुठ्ठ्यांवर काढली. रोज जेवण झाल्यावर ती एकेक पुठ्ठा दाखवी आणि दादा अर्थ सांगत. मग प्रश्नांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द घेतले : वळण, वेग, थांबा, ओलांडणे. ते शब्द चेहऱ्यासारखे ओळखीचे झाले. दुसऱ्या वेळी दादा पास झाले.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तेवढ्या काळात एकट्याने गाडी चालवायची नसते. परवाना असलेला माणूस शेजारी बसावा लागतो. टेम्पोचे ड्रायव्हर शेजारी बसले. दादा त्यांना उस्ताद म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात बाका प्रसंग आला. उस्ताद म्हणाले, "डावीकडं घे." दादांनी गाडी उजवीकडे वळवली. समोरून मोटारसायकल येत होती. उस्तादांनी हँडब्रेक ओढला म्हणून निभावले. दादांचे हातपाय कापू लागले. ते खाली उतरले आणि म्हणाले, "उस्ताद, माझ्यानं हे व्हनार न्हाई."

डिस्लेक्सिया असलेल्या पुष्कळांना डावे-उजवे चटकन सुचत नाही. हात ठाऊक असतो, पण शब्द ऐकून तो उचलेपर्यंत वेळ जातो. रस्त्यावर तेवढा वेळ नसतो. मग करायचे काय?

उस्ताद म्हणाले, "तुझं घड्याळ कंच्या हातात?"

"डाव्या."

"मग मी डावं म्हननारच न्हाई. घड्याळाकडं म्हनंन."

पुढचे दोन महिने उस्ताद 'घड्याळाकडं' आणि 'मोकळ्या हाताकडं' असेच म्हणत. आधी मोकळ्या माळावर शिकवले, मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, आणि शेवटी बाजाराच्या गर्दीत. वळणाची समजही अशीच दिली. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून घड्याळाकडचे वळण कडेकडेने, छोटे. मोकळ्या हाताकडचे वळण समोरची गाडी जाऊ देऊन, रस्ता ओलांडून, मोठे. पायाखालचे तीन खटके उजवीकडून मोजले : एक्सलेटर, ब्रेक, क्लच. पहिले दोन उजव्या पायाचे, तिसरा डाव्या पायाचा. दादा ते ओव्यांसारखे घोकत.

गावांच्या पाट्यांसाठी त्यांनी नियम केला. चालत्या गाडीतून पाटी वाचण्याची धडपड करायची नाही. निघण्याआधी वाट विचारून घ्यायची आणि खुणा पाठ करायच्या : देऊळ, पूल, साखर कारखाना. फाट्यावर शंका आली तर गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यायची, थांबवायची, मग सावकाश वाचायचे किंवा विचारायचे. फोनवर वाट लावायची ती निघण्याआधी. चालवताना फोन हातात घ्यायचा नाही.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. दादांनी घाई केली नाही. पाचव्या महिन्यात परीक्षा दिली. परीक्षेआधी त्यांनी साहेबांना सांगितले, "डावं-उजवं समजायला मला एक पळ लागतो. हातानं दाखवलं तर बरं व्हईल." साहेबांनी मान डोलावली. दादांनी गाडी मागे घेऊन दाखवली, चढावर थांबवून दाखवली. परवाना मिळाला. आज ते टेम्पो चालवतात. पण निघताना घड्याळ मनगटात आहे ना, हे अजूनही चाचपून पाहतात.

६. मुलाचे काय?

दादा शाळेत जाऊन मुलाच्या बाईंना भेटले. मुलाचे डोळे आणि कान तपासले. ते ठीक होते. मग सरकारी दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तपासणी होऊन दाखला मिळायला आठ महिने लागले. त्यात मजुरीचे दिवस मोडले. तरी दादांनी पाठ सोडली नाही.

हा दाखला महत्त्वाचा का? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात ह्या अडचणीचाही समावेश आहे. दाखला असला की मुलाला परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळू शकतात. ही मेहेरबानी नव्हे, हा हक्क आहे. तुमच्या ओळखीत असे मूल असेल, तर आधी त्याच्या शाळेत विचारा आणि मग सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

आता संध्याकाळी बाप-लेक एकाच परातीतल्या वाळूत अक्षरे गिरवतात. मुलगा अजून चुकतो. परवा त्याने 'भाकर' चे 'माकर' वाचले. दादा म्हणाले, "मीबी आसंच वाचायचो. चल, पुन्हा बोट फिरव." मुलाने बोट फिरवले. दुसऱ्या वेळी बरोबर वाचले.

वाचकहो, आम्ही दादांना वाचायला शिकवले हे खरे. पण कुणालाही मठ्ठ म्हणण्याआधी आपली शिकवण्याची रीत तपासावी, हे दादांनी आम्हाला शिकवले.

लक्षात ठेवा

वाचन जड जाणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे.
मारल्याने अक्षर येत नाही, अक्षराची भीती येते.
आधी डोळे आणि कान तपासा, मग तज्ज्ञांना विचारा.
अडचण लपवू नका. सांगितली तर वाट निघते.
गाडी चालवताना शंका आली तर थांबा, मग वाचा.

प्रश्न

१. माल चुकीच्या गाळ्यावर का गेला? ३६ आणि ६३ लिहून दाखवा.
२. 'पंचवीस' हा आकडा ऐकताना आणि लिहिताना काय फरक पडतो?
३. त्रिकोणी पाटी काय सांगते? गोल पाटी काय सांगते?
४. उस्ताद 'डावीकडे' असे का म्हणत नसत?
५. तुमच्या घरी किंवा शेजारी वाचताना अडखळणारे मूल आहे का? त्याच्यासाठी तुम्ही काय कराल? वर्गात सांगा.